पंढरपुरी म्हशीची शिंगं घरात आहेत, धनुष्य करायचंय. हीच घेऊ का सांबरशिंग?

गंगावेस_धारवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गंगावेशीत आमचा दुधाचा धंदा. कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा, आजोबांपासून हेच. गोठ्यात मुऱ्हा पण आहेत, पण घरच्यांचा जीव पंढरपुरीवर. त्यातली एक म्हातारी होऊन गेली, तिची शिंगं मी ठेवून घेतलीत. ज्यांनी पंढरपुरी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिंग मागं खांद्याच्या पार जातं. हिचं एकेक शिंग माझ्या मनगटापासनं बगलेपर्यंत येतंय.

आता मुद्दा. एक व्हिडिओ बघितला. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक कॅरिबू हरणाच्या शिंगाचं धनुष्य करतात आणि पाठीवर जनावराच्या नसेची (रक्ताची नव्हे, मांस हाडाला बांधते ती) वेणी घालून आवळतात. तेव्हापासनं डोक्यातनं जाईना. शोकेसला ठेवायचं नाही, बाण मारायचाय. मी तालमीत मर्दानी खेळ खेळतो, लाठी-पट्टा फिरवतो, पण धनुष्याला आजवर हात लावलेला नाही. सुतारकाम जुजबी येतं, गोठ्याची दारं मीच केलीत.

व्हिडिओत हरणाचं शिंग आहे. आमच्या घरात सांबरशिंगाचा तुकडा आहे, छातीत कफ झाला की आजी सहाणेवर उगाळून लेप लावायची, पण तो बोटाएवढा. चंदगडच्या मामाकडं मात्र भिंतीवर अख्खी जोडी टांगलीय, तो ने म्हणतोय. ती आणू का म्हशीचंच घेऊ? नस कुठली घ्यायची आणि खाटकाला काय म्हणून मागायची? फेविकॉल चालतो का सरसच पाहिजे? आणि आपल्या पावसात हे टिकतं का?

घाई काय नाही. पण गणपतीच्या आत झालं तर बरं, मंडळात दाखवता येईल.


मिरज_तारकाम

पहिल्यांदा ती मामाची ओळ काढून टाक भावा, मग बाकीचं वाच.

आमच्या घरी सतार-तंबोऱ्याचं काम. तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी जुन्या वाद्यांना सांबरशिंगाची असायची. जवारी, म्हणजे तारेतली ती झणझण, काढायला तिच्यासारखं काही नव्हतं, आणि झिजायची पण सावकाश. ते आता बंद. उंटाचं हाड, काळं लाकूड, फायबर, ज्याला जे जमेल त्यावर आम्ही काम करतो. कारण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात सांबर-चितळाचं शिंग ‘ट्रॉफी’त, म्हणजे रानटी जनावराच्या जपून ठेवलेल्या भागांत, मोडतं. लोक म्हणतात, आपोआप झडलेलं आहे, जनावर कुठं मारलंय? झडलेलं असलं तरी जंगलात सापडलेलं शिंग सरकारची मालमत्ता. जुन्या काळातल्या घरातल्या वस्तू जाहीर करायला 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा ज्यांनी नोंद केली त्यांच्याकडं कागद आहे. मामांकडं कागद असेल तर ती जोडी भिंतीवरच राहू दे, नसेल तर त्यांनी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावं. तू ती करवतीखाली घालू नको. दाजीपूरकडच्या गव्याच्या शिंगाचंही तेच, कोणी आणून देतो म्हणाला तरी नको.

तुझ्या म्हशीच्या शिंगाला मात्र कोणी काही म्हणणार नाही. पाळीव जनावर, तुझ्याच गोठ्यातलं.


पॅटर्नवाले_काका

मिरजकरांनी कायद्याचं सांगितलं ते बरोबर. पण समजा कायदा आड आला नसता, तरी मी तुला सांबरशिंग घे म्हटलं नसतं. कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

मी उद्यमनगरात फौंड्रीची लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात जन्म घालवला. आता पोरगा ते काम मशिनवर करतो आणि मला बाकावर मोकळी जागा आहे. शिंगाची धनुष्यं हा माझा म्हातारपणचा नाद.

तुझ्या व्हिडिओतल्या माणसांनी कॅरिबूचं शिंग घेतलं ते नाइलाजानं. तिकडं झाडच उगवत नाही. समुद्रातनं वाहून आलेला ओंडका मिळाला तर मिळाला. मग जे हाताशी आहे त्यात भागवायचं. एका शिंगात धनुष्याएवढा सरळ तुकडा निघत नाही म्हणून तीन तुकडे जोडायचे, सांध्यावर हाडाच्या पट्ट्या आणि नसेचे वेढे. आणि पाठीवर सरस लावून नस चिकटवायची नाही, तर नसेची वेणलेली दोरी टोकापासून टोकापर्यंत फिरवायची, जागोजागी गाठी मारायच्या आणि हाडाच्या काड्या घालून तिला पीळ द्यायचा. दोरी ढिली पडली तर परत पिळता येते. त्या गारठ्यात सरस वाळवत कोण बसणार? फार डोकेबाज काम आहे, माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांना 100 मीटरवर मारायचं नव्हतं. दगडांच्या रांगा लावून कॅरिबूंचा कळप वळवायचा आणि आडोशाला बसून अगदी जवळून मारायचं.

अमेरिकेतही शिंगाची धनुष्यं होती. 1805 साली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी शोशोनी लोकांत पोचली, तेव्हा एल्क हरणाच्या एका अखंड शिंगाचं आणि रानमेंढ्याच्या शिंगाचे तुकडे चिकटवून केलेलं अशी दोन्ही तऱ्हेची धनुष्यं त्यांनी पाहून लिहून ठेवली. दोन्हींच्या पाठीवर नस.

इथं एक गोष्ट पक्की करून घे. हरणाचं शिंग म्हणजे हाड. दरवर्षी झडतं, परत उगवतं, आतनं जाळीदार असतं. म्हशीचं शिंग म्हणजे नखाच्या जातीचा पदार्थ, आतल्या हाडाच्या खुंटीवर बसलेलं टोपण. ते झडत नाही, जन्मभर वाढतं. उकळत्या पाण्यात ठेवलं की मऊ पडतं, दोन पाट्यांत दाबलं की सपाट होतं आणि गार झाल्यावर तसंच राहतं. हरणाच्या शिंगाला असं वळवता येत नाही. त्याला कानशीनं घासून जो आकार येईल तो येईल.

आता धनुष्याचं पोट आणि पाठ. तू ओढताना तुझ्याकडं असतं ते पोट, निशाणाकडं असते ती पाठ. वाकवलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड साधारण 1 टक्का ताणलं की तंतू उचलायला लागतात. नस त्याच्या कितीतरी पट ताण सोसते आणि सोडली की जागेवर येते. शिंग दाबाला असंच. म्हणून पाठीला नस, पोटाला शिंग, मधे लाकडाची पातळ पट्टी, तिचं काम फक्त दोघांना धरून ठेवायचं. या तिघांमुळं धनुष्य आखूड करता येतं. इंग्लंडचं मेरी रोज जहाज 1545 मध्ये बुडालं, त्यातली यू लाकडाची धनुष्यं वर काढली ती 6 फुटांच्या वरची. शिंगाचं तुर्की धनुष्य 4 फुटांच्या आतबाहेर. घोड्यावर बसून मारणाऱ्याला हा फरक केवढा, ते तूच बघ.

तुर्कांचं शिंग म्हशीचं, कोरियाचं म्हशीचं, आपल्याकडच्या मोगलाईतल्या धनुष्यांचंही म्हशीचं. कोरियात तर म्हशीच नाहीत, शिंगं बाहेरून यायची. आणि तू पंढरपुरीच्या गोठ्यात बसून हरणाचं शिंग विचारतोयस! मुऱ्हाचं शिंग जिलेबीसारखं वळलेलं, त्यातनं पट्टी निघत नाही. पंढरपुरी, जाफराबादी, मुऱ्हा अशा सगळ्या जाती समोर उभ्या केल्या तर धनुष्यवाला पहिला हात पंढरपुरीच्या शिंगाला लावेल.

लाकडाचं म्हणशील तर आपल्या घाटात धामण आहे. जुनी माणसं कावडीची काठी धामणीची करायची, कारण वाकते पण मोडत नाही. तुतीही चालते. पण पहिल्या खेपेला बांबू घे. आजऱ्या-चंदगडकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो, तो तीन वर्षांचा जुना, सावलीत वाळलेला बघून घे. बुरूड गल्लीत सांगितलंस तर चिरून देतील. कोरियन धनुष्याच्या मधल्या पट्टीतही बांबूच आहे, त्यामुळं कमीपणा मानायचं कारण नाही.

फेविकॉल कपाटाला उत्तम. पण धनुष्य म्हणजे कायमचा ताण, आणि ताणाखाली फेविकॉल हळूहळू सरकतो. शिंग आणि लाकूड यांच्या मधे इपॉक्सी लावलास तर मी डोळेझाक करेन. पाठीला मात्र सरसच. नसेत जो पदार्थ आहे तोच उकळून सरस होतो, त्यामुळं दोन्ही एकजीव होतात. शिवाय सरस वाळताना आक्रसतो, नसही आक्रसते, आणि दोघं मिळून धनुष्याला उलट्या बाजूला ओढतात. तो उलटा बाक फुकट मिळणारा जोर आहे. सरस कधी उकळू नको. एका भांड्यात पाणी, त्यात सरसाचं भांडं, साधारण 60 अंश. बोट घालून क्षणभर ठेवता आलं पाहिजे. उकळला की ताकद गेली.

आणि पाऊस. खरा प्रश्न तोच आहे आणि तू तो शेवटी विचारलास.

सरस पाण्यात विरघळतो, आणि हवेतली ओल पण पितो. जुलैत आपल्याकडं कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथं नसेची पाठ काय कोरडी राहणार? खेच कमी होते, बाहू (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) वाकडे होतात, फार झालं तर पाठ सुटते. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली ती याच त्रासापायी. बाण शिंगाच्या धनुष्याएवढा लांब जात नाही, पण शस्त्रागारात दहा पावसाळे पडून राहिलं तरी उचलून मारता येतं.

चिन्यांचा ‘काओ गोंग जी’ नावाचा कारागिरीचा फार जुना ग्रंथ आहे. त्यात म्हटलंय की लाकूड हिवाळ्यात फोडावं, शिंग वसंतात भिजवावं, नस उन्हाळ्यात तयार करावी आणि शरदात तिन्ही जोडावीत. पद्धत म्हणून नमस्कार, पण त्यांचं पंचांग इथं चालत नाही. आमचा क्रम असा: नस उन्हाळ्यात वाळवून ठेवायची, पावसाळ्यात धनुष्याला हात लावायचा नाही, दिवाळीनंतर हवा कोरडी आणि गार झाली की शिंग जोडायचं, संक्रांतीच्या आसपास नस चढवायची. मग वाळू द्यायचं. वैशाखापर्यंत पाठ नखानं वाजवून बघायची, काचेसारखी कडक लागली पाहिजे. पुढचा पावसाळा प्लायच्या पेटीत, आत 15 वॅटचा बल्ब, 30-35 अंश. कोरियातले लोकही धनुष्याला उबदार पेटीत ठेवतात. आणि त्याच्या पुढच्या दिवाळीत पहिल्यांदा दोरी.

म्हणजे गणपतीत दाखवायचं तर आहे, पण कुठल्या गणपतीत ते मी बोललेलो नाही.


पायताण_सुभाषनगर

काकांनी नसेचं वरवर सांगितलं, मी पुरवणी जोडते. आमच्या घरात कोल्हापुरी पायताणं करतात, कातडं आणि त्याच्या भावकीतलं सगळं लहानपणापासून हाताखालून गेलंय.

दादा, खाटकाला ‘म्हशीच्या मागच्या पायाची, टाचेवरची जाड नस अख्खी काढून दे’ म्हणा. कापून तुकडे केले की उपयोग नाही, जेवढी लांब तेवढी चांगली. गाय-बैलाची मागू नका. राज्यात 2015 पासून बैलाचीही कत्तल बंद आहे. म्हशीची मिळते. आणून मांस-चरबी खरवडून टाका, दोरीला टांगा, वरनं जाळी. मांजर आणि कावळा दोघंही टपलेले असतात. पूर्ण वाळली की पिवळी, पारदर्शक, खिळ्यासारखी टणक होते.

मग ठोकायची. लोखंडी हातोडी नको, तिची धार तंतू तोडते. लाकडी मोगरी आणि खाली गुळगुळीत दगड. ठोकून ठोकून ती पांढरी पडते आणि उलगडायला लागते. मग हातानं फाडत केसाएवढे बारीक धागे काढायचे. याला वेळ लागतो, टीव्ही बघत बसा. धागे साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, चरबी राहिली तर सरस धरत नाही.

सरसाचं एक लक्षात ठेवा. कोणीतरी तुम्हाला सांगेल की चपलेच्या कारखान्यातनं चामड्याचे तुकडे आणा आणि उकळा. त्याचा सरस होत नाही! आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ते उकळलं तरी विरघळत नाही. सरसाला कच्चं, न कमावलेलं कातडं पाहिजे. एवढा खटाटोप नको असेल तर सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात दाणेदार सरस विचारा. नाहीच मिळाला तर खायचं साधं जिलेटिन घ्या, बिनवासाचं, बिनरंगाचं. तो शेवटी शुद्ध केलेला सरसच.

आणि वासाची कल्पना घरच्यांना आधी द्या.


गादीवाला

एवढं कशाला करताय? पिंजाऱ्याच्या धुनकीला तात असते ना, तीच आणा आणि पाठीला लावा. कापूस पिंजताना दिवसभर मोगरीचे घाव खाते तरी तुटत नाही. आमच्याकडं जुनी पडून आहे, पाहिजे तर देतो.


पॅटर्नवाले_काका

गादीवाले, तात आतड्याची असते. पिळलेली, गोल, दोरीसारखी. धनुष्याला दोरी म्हणून कोरड्या दिवसांत चालेल, पाठीला नाही. पाठीला सुटे सरळ तंतू लागतात, सरसात बुडवून एकमेकांना चिकटवलेले. पिळलेली दोरी सरस आत घेत नाही. पण ती धुनकी टाकू नका, हल्ली बघायला मिळत नाही.

पायताणताई, चामड्याच्या तुकड्यांचं सांगितलंत हे फार बरं केलंत. हा सल्ला मी दर थोड्या दिवसांनी कुठंतरी वाचतो.


संस्कृत_मास्तर

अवांतर वाटेल, पण विषय निघालाच आहे म्हणून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, शस्त्रागाराच्या अध्यक्षाचं प्रकरण आहे. धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची अशी चार द्रव्यांची सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू, वेळू आणि स्नायू. तेव्हा शिंगाचं धनुष्य परदेशातूनच शिकायला हवं असं नाही.


गंगावेस_धारवाला

मामाची ओळ काढायचा प्रयत्न केला, आता दुरुस्ती करता येत नाहीये. मामाला फोन करून सांगितलं, तो वनविभागात जाऊन विचारतो म्हणालाय. चिडला होता जरा.

काका, दोन वर्षं म्हणजे लई झालं. मंडळाचं सोडा, माझाच दम टिकायचा नाही. मधलं काही नाही का? आणि मास्तर, दोरी रुईची केली तर? आमच्या गोठ्यामागं रुई माजलीय.


पॅटर्नवाले_काका

मधलं आहे, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायची असते. शिंग बाजूला ठेव. येत्या हिवाळ्यात नुसतं बांबूचं किंवा धामणीचं धनुष्य कर आणि त्याच्या पाठीला नस चढव. पोटाला काही नाही. नस हाताळायची कशी, सरस किती पातळ, किती गरम, तंतूंची जुडी किती जाड, हे सगळं त्यात कळतं. शिंगाची जोडी एकच आहे, ती शिकण्यात घालवू नको.

असं कर. लाकूड आधी तयार कर, पाठ खरवडून तिच्यावर बारीक उभ्या रेघा पाड. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा उभा धरून ओढलास की बास. पाठ साबणानं धुवायची आणि हात लावायचा नाही. पातळ सरसाचे दोन-तीन हात देऊन वाळू दे. मग पेन्सिलीएवढ्या जाड जुड्या कोमट पाण्यात भिजवून पिळायच्या, सरसात बुडवायच्या, दोन बोटांत ओढून जास्तीचा सरस काढायचा आणि मुठीपासनं टोकाकडं अंथरायच्या. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवायचे, एकाखाली एक आले तर तिथंच पाठ उचलते. वरनं बारीक कंगव्यानं विंचरायचं. एक थर झाला की आठ-दहा दिवस सावलीत. उन्हात ठेवू नको, वरचं वाळतं, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. मग दुसरा थर. दुसऱ्यानंतर महिनाभर तरी विसरून जा. वाळता वाळता धनुष्य स्वतःच मागं वाकायला लागेल, ते बघून तुझा दम आपोआप टिकेल.

दोरी रुईची करून बघायला हरकत नाही, तिचा तंतू चिवट असतो, पण खुडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नको. मारायला मात्र डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, दोरी घे. नसेची दोरी ओलीत ढिली पडते, आणि पहिल्या धनुष्यावर दोरी कुठली हा वाद घालायची वेळ नसते.


सातारा_तिरंदाज

मी कंपाउंड (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) मारतो, त्यामुळं शिंगा-नसेतलं मला काही कळत नाही. 2023 मध्ये आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेव्हापासून इकडं पोरापोरींची मैदानावर रांग आहे, त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी जे सांगतो ते सांगतो.

एक, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही. बाणात जायचा सगळा जोर धनुष्यात परत जातो. आमचं कारखान्यातलं धनुष्य फुटतं, तुमचं हातानं केलेलं तर फुटेलच, आणि शिंगाचा तुकडा डोळ्याला लागेल. मंडळात पोरं हातात घेणार आणि पहिलं हेच करणार, म्हणून मंडळात नेऊच नका.

दुसरं, लाठी फिरवणाऱ्याला वाटतं खांद्यात जोर आहे, 50 पौंड ओढू. ओढाल. पण थरथरत सोडाल आणि तो थरथरीचाच सराव होईल. 25 पौंडांच्या आसपास करा, काका सांगतील ते.

आणि कोल्हापूरकर आहात म्हणून मुद्दाम, उसाच्या फडाकडं तोंड करून मारू नका. आत माणूस असला तरी दिसत नाही. मातीचा बांध किंवा पोत्यांची थप्पी मागं असल्याशिवाय बाण सोडायचा नाही.


पायताण_सुभाषनगर

धारवाले दादा, डाव्या मनगटाला पट्टा लागेल, सोडलेली दोरी आतल्या बाजूला घासून साल काढते. तेवढा मात्र आमच्या कमावलेल्या चामड्याचा करता येईल.


गंगावेस_धारवाला

ठरलं. या हिवाळ्यात बांबू आणि नस. पट्टा ताईंकडनं.

पण काका, शिंगं तोवर कशी ठेवू? एकात अजून आतलं हाड आहे आणि घरचे आता माझ्याशी बोलत नाहीत. दुसरं मोकळं झालंय. त्यात सळई घालून बघितलं, बुडापासनं 38 सेमीपर्यंत पोकळ आहे, पुढं भरीव. एकूण लांबी बाहेरच्या बाकावरनं 71 सेमी.


पॅटर्नवाले_काका

हाड असलेलं शिंग पाण्याच्या बादलीत बुडवून गोठ्याच्या लांब कोपऱ्यात ठेव, पाणी बदलत जा. आतला पडदा सुटला की शिंग पिरगाळून हाड उपसता येतं. घाई असेल तर उकळ, पण मोठं पातेलं घरातलं घेऊ नको. मोकळं झालं की धुऊन सावलीत, दोन्ही टोकांना तेलाचा हात. वाळताना तडा जातो तो बहुतेक बुडाकडनं, म्हणून बुड आत्ताच कापून लहान करू नको, तडा गेला तर तेवढं वाया घालवायला शिल्लक पाहिजे. एक बारीक किडा शिंग पोखरतो, डांबरगोळ्या टाकून पिशवीत बांध.

71 म्हणजे चांगलं आहे. बुडाकडची भिंत पातळ असते, तिथलं 10-12 सेमी सोडून दे. टोकाकडचं भरीव पण निमुळतं, तिथं रुंदी मिळत नाही. मधल्या पट्ट्यात तुला 40 सेमीची, 3 सेमी रुंदीची सपाट पट्टी मिळायला हरकत नाही. एका बाहूला तेवढी पुरते, पुढचं टोक तुतीचं जोडायचं. बाहेरच्या बाकाची चपटी बाजू घे, खरबरीत वळ्यांची बाजू सोड. आणि दोन्ही शिंगांची तीच बाजू, उजव्याची एका बाहूला, डाव्याची दुसऱ्याला. दोन वेगळ्या म्हशींची शिंगं घेतली की दोन बाहू दोन तऱ्हेनं वाकतात, इथं तुला जोडी आयती मिळालीय.

कापायच्या आधी दोन्ही शिंगांवर खडूनं रेघा मारून फोटो टाक. हाड न निघालेल्या शिंगाची भिंत किती जाड आहे ते कळल्याशिवाय करवत लावू नको.